गिरणगावाचे पुनरुज्जीवन आणि साचेखात्याचे दार

लालबाग-परळची चिमणी आता शोभेची वस्तू झाली आहे. गिरण्यांच्या आवारात मॉल उभे राहिले, जुन्या भिंती मुद्दाम राखून उपाहारगृहे थाटली गेली. याला पुनरुज्जीवन म्हणतात. कोणाचे? १९९१ च्या नियमावलीने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : मोकळ्या जागेसाठी, घरांसाठी आणि मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. हे सर्वश्रुत आहे.

मला बोलायचे आहे ते नाटक-सिनेमा-ललित लेखनातून चाललेल्या गिरणगावाच्या दुसऱ्या पुनरुज्जीवनाविषयी. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने (१९९७) १९८२ च्या संपानंतर मोडून पडलेले कामगार कुटुंब रंगमंचावर आणले. ते मोठेच काम. पण पुढे सुरू झालेल्या स्मरणरंजनात भजनी मंडळे, खाणावळी, दहीहंडी आणि लाल बावटा एवढेच उरले. जणू सारे कामगार एकाच घागरीतले पाणी पीत होते!

साचेखात्यात पगार जास्त. पण तिथे कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावा लागे. 'विटाळ' नको म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद, त्याने कमी पगाराच्या रिंगखात्यात राबायचे. हे दार बंद ठेवण्यात सवर्ण कामगारही होते. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी नाइलाजाने तो मागण्यांत घेतला. मालकांचे उत्तर असे की हा अन्याय असलाच, तर त्याला आम्ही जबाबदार नाही. यंत्र मालकाचे, विटाळ कामगाराचा, असा हा हिशेब! वर्गाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तो मांडताना नेहमीच घाई केली आहे.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा गिरणीची नव्हे, रेल्वेतली. पण श्रमिकांच्या बिरादरीत जात लपवणाऱ्याची जी धास्ती १९६३ च्या या संग्रहात आहे, ती आजच्या गिरणगावच्या आठवणींत अभावानेच आढळते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. परळला पँथरच्या मोर्चावर दगड आले आणि भागवत जाधव मारले गेले. तेही गिरणगावच होते.

वरळीच्या त्याच बीडीडी चाळींतील पहिल्या रहिवाशांना २०२५ मध्ये मनोऱ्यांतील घरांच्या चाव्या मिळाल्या. घरे मिळाली, चांगले झाले. आता तिथे गिरणगावाचे एखादे स्मृतिदालन उभारायचे ठरले, तर त्यात धोटा जरूर ठेवावा. त्याखालच्या पाटीवर काय लिहिणार, हे मात्र आधी विचारून घ्यावे लागेल.