संमतिपत्रातील कर्मणि रचना

वैद्यकीय उपचारांतून उद्भवणाऱ्या कायदेशीर वादांची चर्चा प्रायः वैद्याच्या हस्तकौशल्याभोवती फिरत आली आहे. महाराष्ट्रापुरते पाहता, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा खटला या चर्चेचा पाया होय. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचार चालू असता मरण पावला. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रुग्ण स्वीकारावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत वाजवी दक्षता.

रुग्णाला काय सांगितले गेले, हा प्रश्न समीरा कोहली खटल्याच्या 2008 मधील निकालात पुढे आला. निदानापुरत्या तपासणीस रुग्णाने संमती दिली होती. ती भुलेखाली असता तिच्या आईस विचारून गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. सज्ञान रुग्णाच्या वतीने आईने दिलेली ही संमती न्यायालयाने अग्राह्य ठरविली. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि नकाराचे परिणाम रुग्णास कळले पाहिजेत, असा दंडक घातला.

या दंडकापुढे मराठी संमतिपत्रांची भाषा टिकत नाही. 'मला सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत' ही त्यांतील ठराविक वाक्यरचना. येथे सांगणारा लुप्त आहे. 'सर्व' या शब्दाने एकही धोका नावाने सांगण्याची गरज उरत नाही. शिवाय सांगणे ही बोलणाऱ्याची क्रिया, समजणे ही ऐकणाऱ्याची. 'समजावून सांगणे' या जोडणीत दुसरी क्रिया पहिलीतच गृहीत धरली जाते. रुग्णाला खरोखर समजले काय, याचा पुरावा वाक्यात कोठेच नाही.

2014 साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात या दोषाचे गांभीर्य वाढते. तेथे घरची बोली वारली, मांगेली वा वाडवळी असू शकते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगाराची भोजपुरी. प्रमाण मराठीतील अशा कागदावर उमटलेला अंगठा कागद पुढे केल्याचे सिद्ध करील, आकलनाचे नव्हे.

डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो व संमतिपत्र त्यांचेही संरक्षण करते, हा आक्षेप रास्त आहे. प्राण वाचविण्याची निकड असेल तेव्हा कायदाही संमतीसाठी थांबावयास लावीत नाही. परंतु ज्या संरक्षणाची भिस्त अशा वाक्यावर आहे, ते न्यायालयात लटके पडण्याचा संभव अधिक. उपाय फार खर्चाचा नाही. वाक्य कर्तरि करावे. सांगणाऱ्याचे नाव, भाषा व दुभाषा असल्यास त्याचे नाव लिहावे. आणि काय समजले ते रुग्णाच्याच शब्दांत नोंदविण्यासाठी दोन ओळी कोऱ्या ठेवाव्यात.