येरवड्यातील भाषावर्ग : शिक्षकाचे आत्मपरीक्षण आणि साक्षीदाराची नोंद

प्रस्तावना

पुण्यातील माध्यमिक शाळेत फ्रेंच शिकविणारा शिक्षक बहुधा अशी भाषा शिकवीत असतो, जी त्याला घरात मिळालेली नसते. ती त्याने स्वतः वर्गात बसून, अभ्यासाने मिळविलेली असते. त्यामुळे त्याच्या बाबतीत शिकणे आणि शिकविणे या क्रिया एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. शिक्षकाने आपल्या अध्यापनाची आपणच चिकित्सा करावी, हा विचार डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ मधील ग्रंथानंतर शिक्षक-प्रशिक्षणात रूढ झाला. परंतु स्वतःच्या वर्गाविषयी स्वतःच केलेले कथन कितपत पुरेसे मानावे, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात महात्मा गांधींच्या भाषाध्यापनाशी निगडित असलेल्या तीन प्रकारच्या लेखनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यातील पहिले आत्मकथन, दुसरे दैनंदिनी आणि तिसरे आठवणींचे लेखन होय. तिन्हींचा संबंध येरवड्याशी आहे.

शिक्षकाचे स्वतःचे कथन

१९२२ ते १९२४ या काळात येरवडा तुरुंगात असताना गांधींनी स्वतःसाठी अभ्यासक्रम आखला होता. आत्मकथा पूर्ण करावी असा सहबंदी जेरामदास यांचा आग्रह होता. पण त्या अभ्यासक्रमामुळे ते काम तेव्हा मागे पडले, असे गांधींनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. पुढे १९२५ पासून ‘नवजीवन’मधून प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवरील (१९१०) शाळेचा वृत्तांत येतो. तेथे हिंदी, तमिळ, गुजराती आणि उर्दू या भाषा शिकविल्या जात. गांधींचे तमिळ हे पोप यांच्या पाठ्यपुस्तकापलीकडे गेलेले नव्हते आणि उर्दू लिपीची ओळख एका सागरप्रवासापुरती होती. हे भांडवल किती तुटपुंजे होते याची कबुली ते देतात, आणि आपले अज्ञान विद्यार्थ्यांपासून लपविले नाही, असेही सांगतात.

‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या ग्रंथाचे लेखन येरवडा तुरुंगातच १९२३ मध्ये सुरू झाले. त्यात याच शाळेचे अधिक उघडे चित्र आहे. सकाळच्या अंगमेहनतीनंतर दुपारी वर्ग भरत. विद्यार्थी पेंगत, कधी शिक्षकही पेंगे, आणि डोळ्यांवर पाणी मारण्याचे उपायही अनेकदा निष्फळ ठरत. अध्यापनविषयक लेखनात इतका प्रांजळपणा विरळा आढळतो. तथापि या कथनाची एक मर्यादा आहे. विद्यार्थ्याचे खरे पाठ्यपुस्तक म्हणजे शिक्षक, हा त्यातून निघणारा निष्कर्ष शिक्षकानेच काढलेला आहे. विद्यार्थ्यांना तो तसा जाणवला काय, हे त्या पृष्ठांवरून कळत नाही.

सहवासीची दैनंदिनी

१९३२ मध्ये गांधी, वल्लभभाई पटेल आणि मार्चपासून महादेवभाई देसाई हे येरवड्यात एकत्र होते. महादेवभाईंच्या दैनंदिनीत या काळाचे दैनंदिन चित्र उतरले आहे. छप्पन्न वर्षांच्या वल्लभभाईंनी तेथे संस्कृतचा अभ्यास आरंभिला, तोही औंधच्या स्वाध्याय मंडळाचे श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्या पाठमालेवरून. टॉल्स्टॉय फार्मवरील सिद्धान्ताला हा प्रत्यक्ष छेद होता. येथे वर्गात शिक्षक नव्हता, पुस्तकच शिक्षक झाले होते. अर्थात, ते पुस्तक एका जाणत्या शिक्षकाने नवशिक्या माणसाच्या अडचणी ओळखून रचलेले होते, हे विसरता येत नाही.

याच काळात बासष्ट वर्षांचे गांधी रेहाना तय्यबजी यांना उर्दूत पत्रे लिहून त्यांच्याकडून ती भाषा शिकत होते. वयाने तीस वर्षांहून अधिक लहान असलेल्या व्यक्तीकडून चुका दुरुस्त करून घेण्याची ही तयारी कोणत्याही प्रशिक्षणवर्गाइतकीच मोलाची आहे. शिकविणाऱ्याने मधूनमधून नवशिका होणे म्हणजे चुकणाऱ्याच्या बाकावर पुन्हा बसणे होय.

न स्वीकारलेली वही

तिसरे दृश्य १९४२ ते १९४४ या काळातील, येरवडा परिसरातील आगाखान पॅलेसच्या नजरकैदेतील आहे. गांधी तेथे सत्तरी ओलांडलेल्या कस्तुरबांना गुजराती, भूगोल आदी विषय शिकवीत. या वर्गाची नोंद तेथेच बंदिवासात असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी केली आहे. कस्तुरबांनी लिहिण्यासाठी वही मागितली. अक्षर सुधारेपर्यंत सुटे कागद वापरावेत, असे गांधींनी सुचविले. कस्तुरबा दुखावल्या. पुढे वही आली, तेव्हा त्यांनी ती वापरली नाही.

काटकसर आणि शिस्त या दृष्टींनी शिक्षकाचा निर्णय समर्थनीय होता. विद्यार्थिनीच्या दृष्टीने मात्र वही हा तिच्या विद्यार्थीपणाचा स्वीकार होता आणि तोच लांबणीवर टाकला गेला. सहनशीलता आणि प्रांजळपणा यांची दीर्घ साधना केलेल्या शिक्षकाच्या हातूनही असे घडले, आणि ते आज आपल्याला कळते ते तिसऱ्या व्यक्तीने पाहून लिहून ठेवल्यामुळे. परक्या भाषेच्या वर्गात ही गोष्ट अधिकच लागू पडते. उच्चार चुकण्याची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच वाक्यावर अडविणे म्हणजे त्याची वही रोखून धरणेच होय.

निष्कर्ष

ही तुलना मर्यादेत ठेवली पाहिजे. तुरुंगातील अभ्यासाला परीक्षा नव्हती, वेळापत्रकाची घाई नव्हती आणि वर्गात साठ-सत्तर विद्यार्थीही नव्हते. तरीही तिन्ही लेखनप्रकार एकत्र वाचले असता एक गोष्ट स्पष्ट होते. आत्मकथन शिक्षकाचा हेतू सांगते, दैनंदिनी अभ्यासाची प्रक्रिया दाखविते, आणि परिणाम मात्र साक्षीदारालाच दिसतो. महाविद्यालयीन शिक्षकांसाठी १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजे उभी राहिली. २०२३ पासून हे कार्य मालवीय मिशनच्या नावाने चालते. या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे पदोन्नतीसाठी आवश्यक ठरतात. परंतु सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसून तास पाहणे आणि पाहिलेले निःसंकोच सांगणे, याला या हिशेबात फारसे स्थान नाही. ते मिळाल्याशिवाय शिक्षकाचे आत्मपरीक्षण प्रामाणिक असूनही अपुरे राहील.