दगडातला कठडा, भिंतीवरची पट्टी

कर्जत तालुक्यातल्या कडाव आणि आसपासच्या गावांत आता घर रंगवायला काढलं की रंगाऱ्याच्या पाठोपाठ पट्टीवाला येतो. शनिवार-रविवारपुरतं घर घेतलेले मुंबईकर असोत, की जुनं कौलारू घर उतरवून स्लॅब टाकलेले गावकरी असोत, मोबाइलमधला फोटो दोघांचा सारखाच असतो. टीव्हीमागच्या भिंतीवर चौकटी, छताच्या कडेला नक्षीदार कॉर्निस, खाली उंच स्कर्टिंग, दाराभोवती जाड पट्टी. ‘असंच करून द्या’ म्हणायचं, सुताराने फूटपट्टीचा हिशेब सांगायचा, आणि दोन दिवसांत खोली नवी. फरशी फोडायला नको, भिंत पाडायला नको. कमी पैशांत खोलीचा चेहरा बदलण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही.

तरीही यातली बरीचशी कामं मला बघवत नाहीत. पट्टी ही कल्पना मात्र मनापासून आवडते. ती का आवडते, हे सांगायला याच कर्जत तालुक्यात एक अस्सल नमुना आहे, आणि तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

कोंडाण्याची लेणी राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत. कर्जतहून कोंडिवड्याला जायचं आणि पुढे रानातून चढायचं. इसवीसनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेलं हे बौद्ध लेणं. आत चैत्यगृह आहे, शेजारी भिक्खूंच्या राहण्याचा विहार. चैत्यगृहाची लांबी साधारण ६६ फूट, रुंदी २६-२७ फूट आणि कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची २८ फुटांच्या घरात. पुढचे खांब बरेचसे पडले आहेत, स्तूपाचीही झीज झाली आहे. पहिल्यांदा जाणारे लोक मोठी कमान पाहतात, आत डोकावतात, फोटो काढतात आणि उतरायला लागतात. माझं म्हणणं असं, की जरा मागे सरून कमानीच्या बाजूला आणि वर पाहावं.

तिथे आडव्या पट्ट्या आहेत. एकीवर एक, थोडं थोडं अंतर सोडून. नीट पाहिलं की कळतं, ही निव्वळ रेघ नव्हे, हा कठडा आहे. उभे खांब, आणि त्या खांबांतून आरपार ओवलेले आडवे दांडे. शास्त्रात याला वेदिका म्हणतात, आडव्या दांड्यांना सूची. सांचीच्या स्तूपाभोवती अशी वेदिका खरोखरच उभी आहे, माणसाच्या उंचीहून मोठी. कोंडाण्याला ती वीत-दीड वीत उंचीची होऊन भिंतीला चिकटली आहे. अशा पट्ट्यांच्या मधल्या चौकटींत नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. बरेच चेहरे झिजले आहेत, पण कमरेतला बाक आणि उचललेला हात अजून कळतो. वर-खाली कठड्याचा पट्टा असल्यामुळे या जोड्या सज्जात आल्यासारख्या वाटतात. सज्जा नाहीच, मागे सगळा डोंगर आहे. तरी कठडा दिसला की त्यामागे उभं राहायला जागा असणार असं डोळा धरून चालतो.

पहिली मौज ही. दुसरी त्याहून बारीक आहे. लाकडी कठड्यात दांडा खांबाला जिथे भेटतो तिथे खाच असते, सांधा असतो. कोंडाण्याच्या कारागिराने दगडात तो सांधाही दाखवला आहे. दांडा जरा आत, खांब जरा पुढे. वास्तविक हा सगळा एकच अखंड काळा पाषाण. त्यात जोडायला काही नव्हतं, सुटं काही नव्हतं, निखळण्याची भीती नव्हती. जोड नव्हता तिथे त्याने जोड कोरला. शेजारच्या विहारातही तेच. छताकडे पाहा, हातभर खोलीच्या तुळया आहेत आणि मध्ये वासे. त्यांच्यावर भार कसलाच नाही, उलट त्याच वरच्या डोंगराला लटकल्या आहेत. तरी सगळी मांडणी जुन्या घराच्या माळ्यासारखी चोख. हे कारागीर आणि त्यांचे बापजादे लाकडाच्या घरात वाढले, लाकूड तासून शिकले. दगड हातात आल्यावरही त्यांना घर म्हटलं की तुळई, वासा, कठडा हेच दिसलं.

इथून मी एक कसोटी उचलली आहे. पट्टी तिथेच शोभते, जिथे तिला काम असतं किंवा कधीकाळी काम होतं. वेदिकेची पट्टी कोंडाण्याला कुठेही ठोकलेली नाही. लाकडी इमारतीत जिथे सज्जा आला असता, जिथे एक मजला संपून दुसरा सुरू झाला असता, तिथेच ती आहे. म्हणून ती डोळ्याला खटकत नाही, आणि वर उंचीचं मापही देते. कठडा साधारण कंबरेएवढा असतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. तो लहान करून वर कोरला की त्याच्या हिशेबाने ती भिंत आहे त्याहून किती तरी उंच भासते.

घरातल्या पट्ट्यांना ही कसोटी लावून बघा. स्कर्टिंग पासच होतं. फरशी पुसताना फडक्याचं घाण पाणी भिंतीला लागू नये म्हणून ते आहे. आपल्याकडच्या बायकांना हे मार्बलच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. कारवीच्या कुडाची भिंत असो की मातीची, जमीन सारवताना भिंतीचा खालचा वीतभर भागही त्याच शेणकाल्याने सारवून घ्यायचा, आणि सणावाराला कडेने चुन्याचं नाहीतर गेरूचं बोट ओढायचं. लुगड्याला काठ असावा तशी जमिनीला कड येई. कमरेच्या उंचीवरची पट्टीही पास. खुर्चीची पाठ भिंतीवर घासते ती साधारण जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि एसटी स्टँडवर खाली ऑइलपेंट, वर चुना आणि मध्ये दोरी मारून ओढलेला बोटभर काळा पट्टा असायचा, तो याच हिशेबाने. पोरांच्या पाठी आणि तेलकट डोकी कुठवर पोचतात हे पाहून कुणीतरी तो ठरवला होता. मला तो पट्टा सुंदर वाटतो. फॅशन म्हणून कुणी आज तो परत आणला तर मी टाळ्या वाजवीन. छताखाली हातभर सोडून मारलेली, फोटो टांगायची लाकडी पट्टी गिरगावच्या चाळीत अजून दिसते. तिच्यावरचे देव आणि आजोबा जरा पुढे झुकलेले असतात, खाली उभ्या माणसाशी बोलायला आल्यासारखे.

नापास होतात त्या टीव्हीमागच्या चौकटी. युरोपातल्या थंडीत दगडी भिंतीवर लाकडी फळ्या बसवायचे, त्या फळ्यांच्या जोडावर ही चौकट आली. आपल्या भिंतीत ना फळी आहे ना थंडी. नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या स्लॅबखाली वीतभर जाडीचा नक्षीचा कॉर्निस तर खोलीचं डोकंच दाबतो. दरबाराच्या उंचीचा अलंकार झोपायच्या खोलीत आणलेला असतो. त्याची हौस असेल तर खालापूरच्या बाजूला, चौकजवळ, नितीन देसाईंनी उभारलेला एन.डी. स्टुडिओ आहे. २००५ साली सुरू झालेल्या या स्टुडिओत ‘जोधा अकबर’चे महाल उभे राहिले होते. तिथल्या कमानी आणि नक्षी म्हणजे प्लास्टर, फायबर, प्लायवूड आणि मागे टेकू. ते त्या कामाला पुरेपूर योग्य, कारण ते कॅमेऱ्यासाठी आहे. घरातली भिंत रोज सकाळी चहा पिताना समोर असते, पंधरा-वीस वर्षं.

आता व्यवहाराचं. इकडचा पाऊस म्हणजे चार महिने भिंत ओली. खालून ओल चढते, वरून गळतं. एमडीएफची पट्टी एकाच पावसाळ्यात फुगून बिस्किटाचा चुरा होऊ शकते. पीओपीवर पिवळे डाग उमटतात. खालच्या पट्टीला पीव्हीसी किंवा दगड-टाइल घ्या, मधल्या पट्टीला सागवान परवडलं तर उत्तम, नाहीतर पॉलीयुरेथेनची. ओल मुरत असलेल्या भिंतीवर मात्र कुठलीच पट्टी मारू नका. आधी ओल काढा, पट्टीमागे लपवू नका. आणि काम सुरू होताना सुताराचा गुण्या कोपऱ्यात धरून बघा. आपल्या घरांचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. डोळे मिटून ४५ अंशांची कापं घेतली की दोन पट्ट्यांच्या टोकांत फट राहते, मग त्यात पुट्टी भरली जाते आणि वर्षभरात तिथेच चीर पडते. चांगला सुतार आधी कोपऱ्याचा खरा कोन घेतो, त्याचा निम्मा करतो, मग करवत लावतो. घरातला सांधा कसा मिटला आहे यावरून मी कारागीर ओळखतो, नक्षीवरून नाही.

कोंडाण्याच्या कारागिरांपैकी एकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका भल्यामोठ्या मूर्तीचा फक्त माथ्याकडचा भाग उरला आहे. चेहरा पार गेला, पण शिरोभूषण बारकाईने कोरलेलं अजून दिसतं. तिच्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. राजाचं नाव नाही, दानाची रक्कम नाही. गुरूचं नाव, स्वतःचं नाव आणि ‘केलं’, एवढंच. आपल्याकडे लेण्यांतल्या लेखांत बहुतेक वेळा दान देणारे भेटतात. हात चालवणारा भेटतो तो असा क्वचित.

कडावला लोक बालदिगंबर गणेशाच्या दर्शनाला येतात. येणाऱ्यांनी एक दिवस वाढवून कोंडाण्यालाही जावं. भर पावसात मात्र नको. तेव्हा दर्शनी भागावरून धबधबा कोसळत असतो आणि ज्या पट्ट्या बघायच्या त्याच पाण्याआड जातात. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, दुर्बीण असेल तर न्या, आणि घरच्या भिंतीला पट्टी लावायची असेल तर सुताराला पैसे देण्याआधी जा.