स्थलशिल्पातील आरेखने व प्रतिकृती : चौल

जमीन, पाणी, वनस्पती व बांधकाम यांची सुसंगत रचना करणे, हे स्थलशिल्पाचे कार्य होय. त्यासाठी तलविन्यास, छेद, यथादर्शन चित्र व प्रतिकृती ही साधने प्रामुख्याने वापरतात. प्रत्येक साधन काही दाखविते व काही झाकते. त्यामुळे साधनाची निवड हाही एक निर्णयच ठरतो. रायगड जिल्ह्यातील चौल हे याचे उत्तम उदाहरण होय.

आंतोनियू बोकारू याच्या १६३५ च्या पोर्तुगीज दुर्गविषयक ग्रंथात चौलचे आरेखन आहे. त्या ग्रंथातील चित्रे पेद्रू बार्रेतू द रेझेंद याची मानली जातात. त्यांत तलविन्यास व विहंगम दृश्य यांचे मिश्रण आढळते. संरक्षणाच्या हेतूस ही पद्धती पुरेशी होती. परंतु जमिनीचे चढउतार व विहिरींतील पाण्याची पातळी तीतून मोजता येत नाही.

चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचे मर्म नेमके त्यातच आहे. तेथे विहीर, रहाट, पाट व आळे या क्रमाने गोडे पाणी झाडाच्या मुळाशी नेले जाई. पाटाचा अल्पसा उतार तलविन्यासात दिसत नाही, तो छेदातच उमगतो. रामेश्वर मंदिरासमोरील पुष्करिणीही तलविन्यासात केवळ एक आकृती ठरते. पायऱ्या व ऋतुमानानुसार बदलणारी जलपातळी छेदच दाखवितो.

इंग्रज उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन (१७५२–१८१८) चित्रावर उघडझाप करणारी पट्टी लावून स्थळाचे मूळ व नियोजित रूप दाखवीत असे. ही पद्धती मनोवेधक खरी; पण तीत सोयीचे दृष्टिस्थान निवडून दोष झाकता येतात. समोच्चरेषांनुसार पुठ्ठ्याचे थर रचलेली प्रतिकृती सर्व बाजूंनी पाहता येते. चौलच्या दत्तमंदिराच्या टेकडीस ती अनुरूप आहे. सपाट वाडीत मात्र १ : १,००० या प्रमाणात एक मीटर उंची अवघी एक मिलिमीटर होते. म्हणून उभे प्रमाण वाढवावे लागते व तसे स्पष्ट नमूद करणे आवश्यक असते.

किनारा नियमनाच्या १९९१ पासूनच्या अधिसूचनांत भरतीरेषेस मध्यवर्ती स्थान आहे. ती नकाशावर आखली, तरी तिच्या आतील विहीर खारी होईल की नाही, हे त्या रेषेवरून कळत नाही. केवळ तलविन्यासावर विसंबलेली योजना झाडे राखील, पण त्यांना जगविणारे पाणी गमावील. चौलसारख्या स्थळी छेद हे पूरक नव्हे, तर मूळ आरेखन मानले पाहिजे.