रॅटबर्न सरांचं लग्न आणि नंतर

अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर १९९६ ते २०२२ या काळात चाललेली ‘आर्थर’ ही अगदी सोज्वळ मालिका. बोलके प्राणी, तिसरीचा वर्ग, गृहपाठ, धाकट्या बहिणीशी भांडणं. १३ मे २०१९ रोजी बाविसाव्या पर्वाच्या पहिल्याच भागात वर्गाचे कडक शिस्तीचे रॅटबर्न सर बोहल्यावर चढले. एका हुकूमबाज बाईंना नवरी समजून मुलं ते लग्न मोडायला निघतात, पण त्या निघतात सरांच्या बहीण. प्रत्यक्ष लग्नात सर पॅट्रिक नावाच्या चॉकलेटवाल्याचा हात धरून येतात. मुलं चकित होतात, खूश होतात आणि विषय तिथेच संपतो. त्यांना खरा हादरा बसतो तो सरांना नाचताना बघून. शिक्षकांनी लग्न खुशाल करावं, नाचायचं मात्र नाही!

अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने हा भाग दाखवलाच नाही. २००५मध्येही तिने हेच केलं होतं. ‘आर्थर’मधून निघालेल्या ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम बस्टर’ या मालिकेतला ससा व्हरमाँटमध्ये मेपलचा पाक कसा काढतात ते बघायला जातो आणि तिथे त्याला दोन आया असलेलं कुटुंब भेटतं. तत्कालीन शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी या भागाला हरकत घेतली. पीबीएसने देशभरचं प्रक्षेपण मागे घेतलं, आणि बोस्टनच्या निर्मात्या केंद्राने ज्या केंद्रांना हवा त्यांना तो भाग स्वतः पुरवला. दोन आयांचा गुन्हा एवढाच, की त्या घरात होत्या.

मुलांच्या अॅनिमेशनमधल्या एलजीबीटी पात्रांचा हिशेब बहुतेकदा ‘पहिलं’ या शब्दाने मांडला जातो. पहिलं चुंबन, पहिलं लग्न, पहिलं नॉन-बायनरी पात्र. इतिहास लिहायला हे ठीक, पण कला जोखायला उपयोगाचं नाही. २०१६मध्ये निकलोडियनच्या ‘द लाउड हाउस’मध्ये आलेले क्लाइडचे दोन बाबा घ्या. मुलगा पहिल्यांदाच मित्राकडे रात्री राहायला चाललाय म्हणून हे दोघे नुसते कासावीस होतात. गंमत येते, सहजपणाही आहे, पण पुढे पात्र वाढत नाही. शिष्टाचार म्हणून दिलेल्या आमंत्रणासारखं ते वाटतं.

त्याउलट ‘द लेजंड ऑफ कोरा’. डिसेंबर २०१४च्या शेवटच्या भागात नायिका कोरा आणि तिची मैत्रीण असामी हातात हात घालून आत्म्यांच्या जगात निघून जातात, एवढंच. त्याचा अर्थ काय, हे निर्माते ब्रायन कोनिएट्झको आणि मायकल दांते दिमार्टिनो यांना तीन दिवसांनी लेखी सांगावं लागलं. पडद्यावर धूसर ठेवलेली गोष्ट खुलाशाने भरून काढणं ही कलेची लंगडी बाजूच. तरी त्या शेवटाला वजन आहे, कारण पाया आधी घातलेला आहे. विषबाधेने खचलेली कोरा दूर जाऊन राहते, मित्रांची पत्रं येत राहतात, आणि ती उत्तर लिहिते फक्त असामीला. चुंबनाने जे साधलं नसतं ते या पत्राने साधलं.

या सगळ्यात मुक्काम करावा असं ठिकाण म्हणजे ‘स्टीव्हन युनिव्हर्स’. २०१३मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेल्या या मालिकेच्या कर्त्या रेबेका शुगर. त्या वाहिनीवर एकटीच्या नावावर मालिका असलेली ही पहिली स्त्री. पुढे शुगर यांनी आपण नॉन-बायनरी असल्याचं सांगितलं. यातल्या नायिका म्हणजे अंतराळातून आलेली रत्नं. दोघींचं जुळलं की दोघी मिळून एक तिसरी व्यक्ती होते. मार्च २०१५च्या एका भागात कळतं, की उंच, अबोल, सगळ्यांचा आधार असलेली गार्नेट ही मुळात रुबी आणि सफायर या दोन बुटक्या प्रेमिका आहेत. प्रेम ‘दाखवण्याची’ गरजच उरली नाही. ते चालतंबोलतं पात्र होऊन पन्नासेक भाग डोळ्यांसमोर वावरत होतं.

मग ‘कीस्टोन मोटेल’ हा भाग येतो. विश्वासघातावरून दोघी भांडतात आणि विलग होतात. रुबीच्या रागाने गालिचा जळतो, सफायरच्या थंडपणाने खोलीवर बर्फ धरतो. सकाळी हॉटेलात टेबलावर खाणं पडून आहे, दोघी एकमेकींकडे बघत नाहीत, आणि मधे बसलेला मालिकेचा छोटा नायक स्टीव्हन रडवेला होऊन विचारतो, की हे सगळं माझ्यामुळे का? आईबाप भांडत असलेल्या कुठल्याही घरातल्या मुलाच्या मनात येणारा प्रश्न. दोघी बायका आहेत हे त्या क्षणी प्रेक्षकाच्या ध्यानातही राहत नाही, आणि मालिकेचं सगळं कसब यात आहे.

टीकाही करायला हवी. रत्नांना लिंग नसतं ही पळवाट मालिकेने बराच काळ खिशात ठेवली. जुलै २०१८मध्ये रुबी-सफायरचं लग्न लागलं तेव्हा रुबीच्या अंगावर पांढरा झगा होता आणि सफायरच्या अंगावर सूट, त्यामुळे रुबीला मुलगा ठरवून वेळ मारून न्यायची सोय उरली नाही. अशा युक्त्या नवीन नव्हत्या: ‘सेलर मून’च्या इंग्रजी आवृत्तीने २०००मध्ये दोन प्रेमिकांना सरळ चुलतबहिणी करून टाकलं होतं. लग्नाच्या भागासाठी वाहिनीशी झगडावं लागलं, हे शुगर यांनी नंतर सांगितलं. पण पुढे ग्रह उद्ध्वस्त करणाऱ्या हुकूमशहा रत्नांचं एका रडारडीत मनपरिवर्तन होतं, ते मात्र पटत नाही. समजून घेणं आणि सोडून देणं यांतला फरक मालिका तिथे विसरली.

मालिकेला हा फरक आठवला ‘स्टीव्हन युनिव्हर्स फ्यूचर’मध्ये. सोळा वर्षांचा स्टीव्हन जगाला सावरून झाल्यावर स्वतः कोसळतो. त्याला तपासतात डॉक्टर प्रियंका महेश्वरन, त्याची भारतीय वंशाची मैत्रीण कॉनी हिची आई. आधीच्या भागांत ही बाई म्हणजे मुलीच्या श्वासोच्छ्वासावरही पहारा ठेवणारी. आपल्याकडच्या वाचकाला ओळख करून द्यायला नको. तीच इथे एक्स-रेवर स्टीव्हनच्या हाडांवरच्या जुन्या, भरून आलेल्या भेगा दाखवते आणि लहानपणी सतत बसलेले धक्के शरीर कसं लक्षात ठेवतं ते शांतपणे समजावते. मुलांच्या कार्टूनमध्ये मानसिक आघाताबद्दल इतकं सरळ क्वचितच कोणी बोललं असेल. मार्च २०२०मध्ये मालिका संपली तेव्हा स्टीव्हन थेरपिस्टकडे जाऊ लागलेला होता.

डिस्नेवर २०२०मध्ये आलेल्या डेना टेरेस यांच्या ‘द आउल हाउस’ने पळवाट ठेवली नाही. शाळेच्या नाचाच्या रात्री एक राक्षस समोरच्याच्या भीतीचं रूप घेतो. नायिका लूझपुढे तो तिची आई होऊन येतो, कारण लूझ तिच्याशी खोटं बोलली आहे. तिची मैत्रीण अॅमिटी हिच्यापुढे येते एक सावली, तिच्या हातातली चिठ्ठी फाडणारी. चिठ्ठीत लूझला नाचाचं आमंत्रण होतं, हे शेवटी उलगडतं. आवडत्या व्यक्तीकडून नकार मिळेल ही भीती एवढ्या नेमक्या चित्रात मावली आहे. समलिंगी नातं वाहिनीवर चालणार नाही, असं आधी आपल्याला बजावण्यात आलं होतं, हे टेरेस यांनीच सांगितलं. परवानगी मिळाली, पण तिसरं पर्व तीन विशेष भागांत गुंडाळावं लागलं आणि एप्रिल २०२३मध्ये मालिका संपली.

त्यानंतर वारं फिरलेलं दिसतं. ‘मून गर्ल अँड डेव्हिल डायनासोर’चा ट्रान्स खेळाडू मुलीवरचा तयार भाग डिस्नेने २०२४मध्ये बाजूला ठेवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पिक्सारच्या ‘विन ऑर लूज’मधून एका पात्राच्या ट्रान्स असण्याचे संवाद काढल्याचं जाहीर झालं, काही विषय पालकांना आपल्या पद्धतीने, आपल्या वेळी बोलायचे असतात, हे कारण. पात्र राहिलं. आठ भागांच्या या मालिकेची घडणच अशी, की सॉफ्टबॉल संघातल्या एकेका व्यक्तीच्या मनात शिरून तोच आठवडा पुन्हा बघायचा. त्यामुळे गेलेल्या चार ओळी एरवीपेक्षा जास्त खटकतात: बाकीच्यांची मनं उघडी पडतात आणि या एका मुलीच्या मनातली एक खोली बाहेरून कुलूप लावून ठेवलेली असते.