कडू रसाची समीक्षा

रस हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की तो मुळात जेवणाच्या पानावरून आला याचे स्मरण आपल्याला क्वचितच राहते. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात नाट्यरस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो भोजनाचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न प्रसन्न मनाने जेवणारा माणूस जसा त्यातील रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असे त्यांचे विवेचन आहे. आस्वाद, रुची, रसिक, चर्वणा हे आपल्या समीक्षेचे सगळे मानाचे शब्द तोंडातून आणि जिभेवरून आले आहेत. आश्चर्य असे की या शब्दांनी आपण काव्य जोखले, नाटक जोखले, गाणे जोखले. ज्या जेवणाने हे शब्द दिले ते मात्र समीक्षेबाहेर राहिले.

खाण्यावर मराठीत लिहिले गेले नाही असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या 'गृहिणीमित्र'पासून कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'पर्यंत (१९७०) पाककृतींची मोठी परंपरा आपल्यापाशी आहे. आमच्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ मराठी शिकविलेल्या पु. ल. देशपांडे यांचे 'माझे खाद्यजीवन' तर घराघरांत वाचले गेले. परंतु पाककृती पदार्थ कसा करावा हे सांगते आणि ललित निबंध तो खाताना मन कसे रमले हे सांगतो. एखादे जेवण कसे रचले होते, त्यात काय साधले आणि काय फसले, हा प्रश्न या दोहोंच्या मधोमध पडून राहतो. आणि त्या जेवणाशेजारी बिअरचा ग्लास असेल, तर आपली लेखणी बहुधा तो ग्लास टेबलाखाली लपवते.

या लपवण्याचे एक कारण वाङ्मयीन आहे. मराठी साहित्यातला ग्लास म्हणजे गडकऱ्यांचा प्याला. गंधर्व नाटक मंडळीने १९१९मध्ये रंगभूमीवर आणलेल्या 'एकच प्याला'ने मराठी मनात मद्याची जी प्रतिमा कोरली, ती शंभर वर्षे उलटूनही पुसली गेलेली नाही. सुधाकराचा प्याला शोकान्ताकडे नेतो आणि तळीरामाचे आर्यमदिरामंडळ हास्याकडे. पिणारा एक तर बुडतो किंवा विदूषक होतो. जेवणाच्या सोबतीने अर्धी बाटली बिअर घेऊन, हात धुऊन, पान खाऊन घरी जाणारा तिसरा माणूस आपल्या साहित्यात फारसा आढळत नाही. सीमाभागात तो प्रत्येक गल्लीत आढळतो.

आमच्या मुलखात हा ग्लास आला कसा, हेही थोडक्यात पाहिले पाहिजे. १८१८मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे येथे छावणी वसली. गोऱ्या शिपायांना बिअर हवी असे. विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या फिकट रंगाच्या बिअरमध्ये हॉप नावाच्या वेलीची फुले अधिक घालीत, कारण लांबच्या समुद्रप्रवासात ती पेयाला टिकवून धरीत. ही वेल गांजाच्या कुळातली आहे, आणि बिअरचा कडूपणा तिचाच. म्हणजे आज आपण ज्याला बिअरची चव म्हणतो, तिचा एक धागा छावण्यांच्या या इतिहासात गुंतलेला आहे. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्या वेळी आमचा जिल्हा मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या त्या ओढाताणीवर आमच्या पिढ्यांनी पुष्कळ भोगले आणि पुष्कळ लिहिले. येथे तिची एक लहान खूण तेवढी नोंदवतो. कागल ओलांडण्यापूर्वी महाराष्ट्रातील पाट्यांवर 'परमिट रूम' हे शब्द दिसतात. दारूबंदीच्या काळातला परवाना त्या शब्दांत अजून शिल्लक आहे. कोगनोळीचा नाका मागे टाकून निपाणीकडे येताच पाटी 'बार अँड रेस्टॉरंट' होते. एकीकडे परवानगी आधी येते आणि दुसरीकडे जेवण बारच्या पाठोपाठ येते. दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत मात्र कांदा एकाच पद्धतीने भाजला जातो.

आता प्रत्यक्ष जेवणाकडे वळू. गेल्या हिवाळ्यात निपाणीहून संकेश्वरमार्गे बेळगावास आलो असता कॅम्प भागातील एका जुन्या उपाहारगृहात आम्ही जेवलो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशी पाचपन्नास उपाहारगृहे या पट्ट्यात आहेत आणि त्यांचा घाट बहुतांशी एकच असतो. पान आले ते असे : कांदा, लिंबू, शेंगदाण्याची चटणी, मग मटण सुक्का, तांबडा रस्सा, जोंधळ्याची भाकरी, शेवटी पांढरा रस्सा आणि भात. सोबत साध्या बिअरची एक बाटली, दोघांत.

या जेवणाची पहिली गुणवत्ता रंग आणि तिखटपणा यांच्या वेगळेपणात होती. स्वयंपाक्याने रंगासाठी ब्याडगी मिरची वापरली होती आणि तिखटासाठी संकेश्वरी. हावेरीकडची ब्याडगी गडद लाल रंग देते, पण जिभेला फारशी झोंबत नाही. संकेश्वरी आपल्या वाटेवरचीच, आणि तिचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. एकाच मिरचीवर दोन्ही कामे सोपवली की रस्सा एक तर फिका दिसतो किंवा असह्य होतो. येथे रंग डोळ्यांना भीती घालीत होता आणि जीभ ती भीती हळूहळू दूर करीत होती. चांगल्या कथेत लेखक वाचकाला ज्या रीतीने ताणतो आणि सैल सोडतो, तीच ही रीत.

दुसरी गुणवत्ता सुक्क्याची. सुके खोबरे आणि कांदा करपण्याच्या अगदी अलीकडे थांबवलेला होता. त्या भाजण्यातून एक गोडसर, किंचित कडसर खमंगपणा आला होता, आणि येथेच बिअरचे काम सुरू झाले. बिअर जवाची. जवाला मोड आणून, वाळवून, भाजून तिचे मूळ द्रव्य तयार होते. मोड आणण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या प्रत्येक घराला ती ठाऊक आहे. भाजलेल्या धान्याची चव आणि भाजलेल्या खोबऱ्याची चव एकमेकींना ओळखतात. सुक्क्याच्या घासामागून घेतलेल्या घोटात आम्हांला प्रथम धान्याचा गोडवा लागला, मग हॉपचा कडूपणा आला आणि जिभेवर साचलेला तेलाचा थर हलका झाला. पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागला. उत्तम जोडीची हीच कसोटी आहे : पुढच्या घासाची उत्सुकता तिने टिकवली पाहिजे.

तांबड्या रश्श्याशी हा संबंध वेगळा होता. बिअरने तिखट विझते असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. मिरचीतले दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही आणि बिअर मुख्यतः पाणीच आहे. तिचे बुडबुडे तर जिभेला आपला निराळा चटका देतात. गारव्याने घटकाभर बरे वाटते, इतकेच. मग तांबड्या रश्श्याबरोबर बिअर का रुचते? आमच्या मते ती तिखटाला शमवीत नाही, त्याच्याशी संवाद करते. रश्श्याचा दाह, बुडबुड्यांचा चटका आणि पेयाचा गारवा यांच्या आळीपाळीने येण्यात एक लय तयार होते. हीच बिअर 'स्ट्राँग' असती, तर मद्यार्काची ऊब मिरचीच्या दाहात मिसळून ती लय बिघडली असती. शेजारच्या टेबलावर तेच घडत होते. तेथे भाकरी अर्धी राहिली आणि बाटल्या मात्र वाढत गेल्या.

पांढऱ्या रश्श्यापाशी मात्र जोडी फसली. नारळाचे दूध, खसखस, किंचित मिरे, असा तो सौम्य आणि हळुवार पदार्थ. हॉपच्या कडूपणापुढे तो मिळमिळीत ठरला. दोष त्याचा नव्हता, दोष क्रमाचा होता. पांढरा रस्सा आरंभी, ग्लास भरण्यापूर्वी यायला हवा होता. भाताशी बिअरचे काही जमले नाही, हेही नोंदवले पाहिजे. जेवणानंतर बाहेर घेतलेल्या कुंद्याने तोंडातला कडूपणा निपटून काढला. कुंदा हा बेळगावचा भरतवाक्याचा श्लोक आहे. तो सर्व रसांना आशीर्वाद देऊन निरोप देतो.

कडूपणाचा उल्लेख वारंवार आला, म्हणून एका शब्दाचा इतिहास पाहणे उचित ठरेल. संस्कृतात सहा रसांपैकी 'कटु' म्हणजे मिरी-सुंठीचा झोंबणारा रस आणि 'तिक्त' म्हणजे कडुनिंबाचा रस. मराठीत 'कटु'चा 'कडू' झाला आणि अर्थ शेजारच्या रसाकडे सरकला. ज्या शब्दाने एके काळी झणझणीत चव सांगितली, तोच आज कारल्याची चव सांगतो. म्हणजे तिखट आणि कडू हे दोन रस आपल्या भाषेत एकाच शब्दाच्या घरात राहून गेलेले आहेत. सुक्का आणि बिअर यांची जोडी जिभेला का ओळखीची वाटते याचा हा पुरावा नव्हे, पण भाषेने राखून ठेवलेली ही आठवण मोलाची आहे. पाडव्याला कडुनिंबाचे पान खाऊन वर्षाचा आरंभ करणाऱ्या समाजाने कडू रसाला तुच्छ मानण्याचे कारण नाही. तरीही आपण 'कडू' हा शब्द बोलण्यात, आठवणींत आणि अनुभवांत केवळ दुःखासाठी राखून ठेवला आहे.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला सौंदर्यशास्त्राचा. जिभेचे सुख हे केवळ सुखद, सुंदर नव्हे, असे कांटने म्हटले होते, आणि त्यासाठी त्याने उदाहरणही मद्याचेच घेतले होते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा विचार मराठी वाचकाला परिचित आहे. एकाला आवडते ते दुसऱ्याला आवडावे असा आग्रह चवीच्या बाबतीत धरता येत नाही, हे खरे. पण ह्यूमने १७५७च्या आपल्या निबंधात 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातले मद्य चाखावयास दिले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण कातड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी कातडी वादी बांधलेली किल्ली सापडली. समीक्षा म्हणजे ही किल्ली. पांढरा रस्सा बिअरपुढे फसतो हे आमचे मत कुणालाही तपासता येईल. ज्याने पुढच्या वेळी क्रम बदलून पाहिला त्याला ते पटेल किंवा खोडून काढता येईल. जेथे असे तपासणे शक्य आहे, तेथे समीक्षेला जागा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्या अनेक ज्येष्ठ वाचकांच्या मनात येईल. मद्याने उद्ध्वस्त झालेली घरे याच भागात आहेत. सुधाकर खोटा नव्हता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत दिवसभर राबून घरी परतणाऱ्या बाईच्या मजुरीतून ज्याची बाटली येते, त्याच्या ग्लासाला रसास्वाद म्हणणे हा निर्दयपणा होईल. निपाणीचेच महादेव मोरे यांनी गॅरेजातली, ट्रकवरची, तंबाखूतली माणसे त्यांच्या बोलीसह मराठी कथेत आणली. ती वाचलेल्या माणसाला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. आणि ही उपाहारगृहे मुख्यतः पुरुषांची आहेत, हेही सत्य आहे. 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड बसलेल्या स्त्रीपर्यंत तीच भाकरी पोहोचते, पण मोकळेपणा पोहोचत नाही. ज्या चवीला घरात नाव घेता येत नाही, ती चव संस्कृतीचा भाग होत नाही, केवळ सवय होते. आमचे म्हणणे इतकेच की मौनाने सवय सुटत नाही. ज्याला घोटाची चव सांगता येते त्याला तो कुठे थांबावा हेही कळण्याचा संभव अधिक. शेजारच्या टेबलावर कमतरता शब्दांचीच होती.

आमच्या जुन्या घराण्यांना या विषयाची काळजी आणखी एका कारणाने वाटावी. पाट्यांची भाषा कायद्याने ठरते. २०२४पासून कर्नाटकात पाटीवर साठ टक्के कन्नड बंधनकारक आहे. त्या पाटीखाली आत मात्र सुक्का, रस्सा, भाकरी हे शब्द टिकून आहेत, आणि आपला 'खानावळ' शब्द तर उत्तर कर्नाटकाच्या कन्नडने केव्हाच आपलासा केला आहे. पदार्थांची नावे कोणी पुसलेली नाहीत. पुसले जात आहेत ते चवीचे शब्द, आणि ते आपल्याच घरात. झणझणीत, चरचरीत, खमंग, उग्र, तुरट, कडसर, अळणी, खवट या सगळ्यांच्या जागी आज नातवंडांच्या तोंडी 'स्पायसी' आणि 'टेस्टी' हे दोनच शब्द उरले आहेत. ठरावांनी आणि मोर्च्यांनी भाषेचा हक्क मागता येतो. तिची बारीक विशेषणे मात्र जेवताना, पानावर, मोठ्याने बोलूनच टिकतात. बाहेर जेवायला गेलेल्या कुटुंबाने पदार्थ आवडला एवढ्यावर न थांबता तो कसा लागला हे मराठीत एकमेकांना सांगावे. ग्लासात बिअर असेल तर तिच्याविषयीही सांगावे. ती कडसर आहे की कडू, एवढे तरी.