स्थैर्याचे दोन अर्थ : ग्रीक पुरुषमूर्ती आणि गोमटेश्वर

ग्रीक शिल्पातील पुरुषमूर्तीचा इतिहास हा कलेच्या इतिहासातील सर्वांत सुसूत्र इतिहास मानला जातो. इ. स. पू. सहाव्या शतकातील ताठ उभ्या तरुणापासून चौथ्या शतकातील सैल, सहज देहापर्यंतचा हा प्रवास इतका क्रमबद्ध दिसतो, की त्यातील प्रत्येक मूर्ती आधीच्या मूर्तीतील एखादी उणीव दूर करण्यासाठीच घडवली गेली असावी, असा भास व्हावा. १७६४ साली विंकेलमनने आपल्या ग्रंथात या इतिहासाला उदय, उत्कर्ष आणि ऱ्हास असा आकार दिला. त्याने ग्रीस कधी पाहिला नव्हता, आणि ज्या मूर्तींवरून तो बोलत होता त्यांतील पुष्कळशा रोमन काळातील प्रतिकृती होत्या. तरीही त्याने घातलेली चौकट टिकली; इतकेच नव्हे, तर एका समाजाच्या कलेचा इतिहास हा हळूहळू सर्व कलेचा नियम होऊन बसला. ताठरपणा म्हणजे बाल्य, लवचीकता म्हणजे प्रौढी, असे समीकरण रूढ झाले. कर्नाटकातील उभ्या जैन मूर्तींना हे समीकरण लावले असता काय होते, हा प्रश्न केवळ शिल्पाच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. साहित्याची समीक्षाही ‘विकास’ हा शब्द फार सहजपणे वापरते.

प्रथम ग्रीक क्रम नीट पाहिला पाहिजे. ‘कूरॉस’ या नावाने ओळखली जाणारी तरुणाची मूर्ती इजिप्तच्या शिल्पापासून बरेच काही शिकली. समोर रोखलेली दृष्टी, रुंद खांदे, मांड्यांलगत आवळलेल्या मुठी, किंचित पुढे टाकलेला डावा पाय, ही तिची लक्षणे होत. परंतु इजिप्तच्या शिल्पकाराने पाठीशी ठेवलेला दगडाचा आधार ग्रीकांनी काढून टाकला, आणि हात व धड यांमधील दगड कोरून देह मोकळा केला. या मूर्तीचा पाय पुढे पडलेला असतो, पण त्या पावलाचा परिणाम कमरेवर वा खांद्यांवर झालेला नसतो. भार दोन्ही पायांवर सारखाच असतो. इ. स. पू. ४८० च्या सुमारास, अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेल्या आणि ‘क्रिटिअसचा मुलगा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगमरवरी मूर्तीत हा विरोधाभास सुटतो. तेथे भार एका पायावर येतो, दुसरा गुडघ्यात सैल होतो, त्याबरोबर कंबर एका बाजूला कलते आणि मस्तक किंचित वळते. पुढे इ. स. पू. ४४० च्या सुमारास पॉलिक्लाइटसने आपल्या भालाधारी पुरुषाच्या मूर्तीत या शोधाला नियमाचे रूप दिले. भार वाहणारा पाय आणि काम करणारा हात, सैल पाय आणि सैल हात यांची तिरपी जुळणी करून त्याने देहाच्या प्रत्येक अवयवाला इतर अवयवांशी उत्तरदायी केले. त्यानंतरच्या शतकात लायसिपसने मस्तक लहान व देह सडपातळ केला आणि अंग निरपून काढणाऱ्या मल्लाचा हात थेट प्रेक्षकाच्या दिशेने पुढे आणला. आता मूर्ती एकाच बाजूने पाहून भागेना. तिच्याभोवती फिरणे आवश्यक झाले.

या क्रमातील उपलब्धी निर्विवाद आहे. मात्र हा क्रम ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न विशिष्ट आहे, हे विसरले जाते. कर्म करण्यास समर्थ असा देह दगडात किंवा धातूत कसा दाखवावा, हा तो प्रश्न होय. ग्रीक पुरुषमूर्तीचे प्रमुख विषय पाहिले तरी हे ध्यानात येते. भाला धरलेला, थाळी फेकणारा, विजयाची फीत मस्तकी बांधणारा, स्पर्धेनंतर अंग निरपणारा, असे सारे पुरुष कर्माच्या आधी, मध्ये किंवा लगेच नंतर उभे आहेत.

बंगळूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर उभी असलेली गोमटेश्वराची मूर्ती या चौकटीत कोठे बसते? गंगराजांचा मंत्री चावुंडराय याने इ. स. ९८१ च्या सुमारास ती घडवून घेतली. सुमारे ५७ फूट उंचीची ही मूर्ती डोंगराच्या शिरोभागीच्या ग्रॅनाइटातून कोरलेली असून मांड्यांच्या वर तिला कोणताही आधार नाही. पाय समांतर, हात सरळ खाली, दृष्टी समोर. ग्रीक क्रमाच्या पट्टीने मोजले तर ही मूर्ती क्रिटिअसच्या मुलाच्याही मागे, कूरॉसच्या पायरीवर ठेवावी लागेल. किंबहुना त्याही मागे, कारण कूरॉसने निदान एक पाऊल पुढे टाकलेले असते. फर्ग्युसनने या मूर्तीच्या भव्यतेचा मुक्तकंठाने गौरव केला, पण तुलनेसाठी त्याला आठवला तो इजिप्त. त्या गौरवातही कालक्रमाचा हा छुपा हिशेब आहे.

या हिशेबाला पहिले उत्तर खुद्द बंगळुरात मिळते. तेथील शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात बेगूरचा प्रसिद्ध वीरगळ आहे. बेगूर हे गाव आज शहराच्या पोटात आले आहे. इ. स. ९०० च्या सुमाराचा हा दगड नोळंबांशी झालेल्या तुंबेपाडीच्या लढाईत पडलेल्या नागत्तराच्या स्मरणार्थ कोरलेला आहे. हत्ती, घोडे, पायदळ यांची झुंज त्यावर दाटीवाटीने मांडलेली असून प्रत्येक देह कोणत्या ना कोणत्या हालचालीत गुंतलेला आहे. राज्य गंगांचेच, आणि काळ गोमटेश्वराच्या दोनतीन पिढ्या अलीकडचा वा पलीकडचा. ज्या भूमीतील शिल्पकार धडपडणारे, वाकलेले, कोसळलेले पुरुष कोरीत होते, त्या भूमीतील शिल्पकाराला हलता देह साधत नव्हता, असे म्हणता येणार नाही. भारतीय शिल्पपरंपरेला समभंग, आभंग आणि त्रिभंग या तिन्ही स्थितींची नावे होती आणि तिन्हींचा सराव होता. यांतील आभंग म्हणजे एका पायावर भार देऊन देहाला आणलेला हलका बाक. क्रिटिअसच्या मुलाने जे मिळवले त्याच्याशी तो फार जवळचा आहे. तेव्हा गोमटेश्वराचा समभंग ही असमर्थता नव्हे. तो निर्णय आहे.

या निर्णयाचा अर्थ मूर्तीच्या कथेत आहे. बाहुबली हा ऋषभनाथांचा पुत्र. राज्यासाठी ज्येष्ठ बंधू भरताशी त्याचे द्वंद्व झाले. सैन्यांचा संहार टाळण्यासाठी दोघांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध केले. तिन्हींत बाहुबली विजयी झाला, आणि विजयाच्या त्याच क्षणी त्याला विरक्ती आली. राज्य सोडून तो कायोत्सर्गात उभा राहिला, तो वर्षभर; पायांशी वारुळे वाढली, अंगावर वेली चढल्या. म्हणजे हा देह मल्लाचा आहे, आणि जिंकलेल्या मल्लाचा आहे. ग्रीक शिल्पकार ज्या पुरुषाच्या मस्तकी फीत बांधतो, तोच हा पुरुष. फक्त याने फीत बांधून घेतलेली नाही. शिल्पकाराने खांदे अवाढव्य रुंद केले आणि त्यांवरून ते बलाढ्य हात नुसते खाली सोडले. हातांचे सामर्थ्य पूर्णपणे व्यक्त झाले आहे, आणि त्यांना करण्यासारखे काही उरलेले नाही. ज्याचे नावच बाहूंच्या बळावरून पडले त्याचे बाहू निष्क्रिय दाखवणे, यात या मूर्तीचा सारा आशय साठवला आहे.

कूरॉस आणि गोमटेश्वर यांच्या बाह्य सादृश्याखालचा विरोध येथे स्पष्ट होतो. कूरॉसचे स्थैर्य हे हालचालीपूर्वीचे स्थैर्य आहे; त्याचे पुढे पडलेले पाऊल पुढील शतकाची वाट पाहते. गोमटेश्वराचे स्थैर्य हालचालीनंतरचे आहे. सर्व युद्धे होऊन गेली आहेत. मूर्तीत हालणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वेल. पायांवरून मांड्यांवर, तेथून दंडांवर चढत जाणारी ती माधवीची वेल म्हणजे दगडात कोरलेला काळ होय. ग्रीक मूर्तीत काळ देहाच्या आत असतो, स्नायूंच्या ताणात असतो. येथे तो देहाच्या बाहेर आहे आणि देहाला स्पर्श करूनही त्याचे काही बिघडवू शकत नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. त्या परिभाषेत सांगायचे, तर पॉलिक्लाइटसचा समतोल देहातील विरोधांतून साधलेला आहे. गोमटेश्वरात देहाचा संवाद अभंग असून विरोध उभा राहतो तो देह आणि वेल यांच्यामध्ये.

या परंपरेत बदल झालाच नाही, असा याचा अर्थ नव्हे. बदामीच्या चौथ्या लेण्यात आणि वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबली भिंतीवरील शिल्पपटात येतो. वेरूळला त्याच्या दोन्ही बाजूंस ब्राह्मी व सुंदरी या बहिणी आहेत. कथा सांगण्यास सोबतीची पात्रे लागतात. विंध्यगिरीवर भिंत गेली आणि बहिणीही गेल्या. उरले ते एकट्या देहाचे आकाशाशी नाते. हाही विकासच आहे, पण भर घालणारा नव्हे, वजा करत जाणारा. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की या मार्गाला स्वतःचे धोके होते. कारकळ (१४३२) आणि वेणूर (१६०४) येथील गोमटांत तीच स्थिती पुन्हा येते. उंची उतरत जाते, आणि पूर्वी जो निर्णय होता तो काही अंशी संकेत बनतो. ग्रीक परंपरेला प्रत्येक पिढीत नवा प्रश्न मिळत गेला; वार्धक्य, वेदना, व्यक्तीचा चेहरा हे विषय तिला त्यामुळेच गवसले. गोमटाच्या परंपरेला तो लाभ झाला नाही. एकदा संपूर्ण उत्तर मिळाल्यावर तिच्यापुढे पुनरुक्तीवाचून फारसे काही उरले नाही.

अशा मूर्तीचे मूल्यमापन कशाने करावे? आश्चर्य असे, की तिच्याजवळच एक निकष कोरून ठेवलेला आहे. इ. स. ११८० च्या सुमारास बोप्पण या कन्नड कवीने गोमटावर रचलेले काव्य श्रवणबेळगोळला शिलालेखरूपाने आहे. त्यात त्याने औन्नत्य, सौंदर्य आणि अतिशय, म्हणजे अलौकिक प्रभाव, अशी तीन मूल्ये वेगळी केली आणि यांतील एक साधताना दुसरे निसटते, हे ओळखले. ही केवळ भक्ताची स्तुती नाही. आकार वाढला की सौंदर्य धोक्यात येते, ही कारागिरीची अडचण त्याला कळली होती. याच मूर्तीच्या पायांजवळ मराठी भाषेतील दोन ओळी आहेत; एक चावुंडरायाने मूर्ती करवल्याची, दुसरी गंगराजाने भोवतीचा प्राकार करवल्याची. पहिल्या ओळीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मराठीच्या आरंभीच्या लेखांमध्ये जिची गणना होते ती ओळ या स्थिर देहाच्या पायाशी आहे, ही गोष्ट मराठी समीक्षकाने विसरण्यासारखी नाही.

बोप्पणाचा निकष आजही निरुपयोगी झालेला नाही. ११ नोव्हेंबर २०२२ रोजी बंगळूरच्या विमानतळावर नगरसंस्थापक केंपेगौडाचा १०८ फुटी कांस्यपुतळा अनावृत झाला. त्याचे शिल्पकार राम सुतार हे धुळे जिल्ह्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये घडलेले. ग्रीक मूर्तींच्या प्लास्टर-प्रतिकृतींवरून रेखाटन करण्याची शिस्त त्या शाळेने अनेक पिढ्यांना लावली, आणि ग्रीकांचा कर्मप्रवण पुरुष आपल्या चौकाचौकांत आला तो मुख्यतः अशा शाळांच्या वाटेने. हाती तलवार घेतलेला केंपेगौडा त्याच वंशातला आहे. त्यातील कौशल्य नाकारण्याचे कारण नाही. पण भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना कंबर व खांदे यांत जो सूक्ष्म संवाद होतो, तो मूळ माणसाएवढ्या देहासाठी, जवळ उभ्या राहून पाहणाऱ्यासाठी शोधला गेला होता. शंभर फुटांवर तो डोळ्याला पोचत नाही. पोचते ती उंची. लायसिपसचा शिष्य कॅरीझ याने रोड्स येथे उभारलेला सूर्यदेवाचा पुतळा जवळजवळ एवढाच उंच होता. त्याने जगाला थक्क केले, पण सुमारे अर्धशतकातच, इ. स. पू. २२६ च्या सुमारास, तो भूकंपात कोसळला आणि पुरुषदेहाच्या जाणिवेत त्याने कोणती भर घातली, हे सांगण्यास काही मागे उरले नाही. गोमटेश्वराचा समभंग मात्र उंची पेलतो, कारण त्या स्थितीत दुरून हरवण्याजोगे काही नाहीच. स्थिती आणि आकारमान यांचा असा मेळ विंध्यगिरीवरील शिल्पकाराने घातला, आणि म्हणूनच बोप्पणाला तेथे तिन्ही मूल्ये एकत्र दिसली.

तात्पर्य, विकास हा शब्द वापरताना कोणत्या प्रश्नाच्या संदर्भात विकास, हे आधी सांगितले पाहिजे. ओवीला भावगीताची पूर्वपायरी ठरवणे किंवा महानुभावांच्या गद्यात कादंबरीची बीजे शोधून तेवढ्यापुरतेच त्याचे कौतुक करणे, हीदेखील कूरॉसची पट्टी गोमटाला लावण्याचीच रीत होय. एखादी कृती स्थिर दिसली, तर ती अजून चालायला शिकलेली नाही की चालून थांबलेली आहे, हे ठरवणे समीक्षेचे पहिले काम आहे. आणि ते काम कालानुक्रमाची यादी करून देत नाही.